आईला सांभाळते, त्याचा पगार सरकार देतं का?

प्रश्न : मी औसा तालुक्यातल्या खेड्यात राहते. वय ४१, लग्न झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आईला (वय ६२) लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलणं-समजणं ठीक आहे. तिच्यासाठी लातूरच्या दुकानातली नोकरी सोडली. थोरला भाऊ जिल्हा परिषदेचा शिक्षक, धाकटा पुण्यात कंपनीत. वडील वारले, सातबारावर चौघांची नावं आहेत. भाऊ म्हणतात, ‘आधी हक्कसोड दे, मग आईच्या खर्चाचं बघू.’ पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला सरकारकडून काही मिळतं का? मला लाडकी बहीणचे १५०० येतात. आईचं काही सुरू केलं तर ते बंद पडतील का?

उत्तर : ताई, आधी हक्कसोडपत्राचं बोलू. तुम्ही ते शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण घोर तिथेच आहे. देऊ नका. रजिस्ट्री ऑफिसात एकदा सही झाली की ‘मला समजलं नव्हतं’ हे कोर्टात तुम्हालाच शाबीत करावं लागेल, आणि त्यात वर्षं जातात. शिवाय भाऊ ज्याच्या बदल्यात जमीन मागताहेत, ते त्यांचं देणंच आहे. आईचा अंगठाही कोणत्या कागदावर घेऊ देऊ नका. मुख्त्यारपत्रावर तर नाहीच.

आता पगाराचं. सांभाळणाऱ्याच्या नावाने दरमहा पैसे देणारी योजना आपल्याकडे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बिनपगारी सांभाळणारे घरचे लोक ‘काळजीवाहक’ म्हणून मोजलेत, आणि ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांना काळजीवाहक भत्ता द्यावा असं कलम २४ मध्ये आहे. पण त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द घालून ठेवलेत. केरळ सरकार ‘आश्वासकिरणम’ योजनेतून अशा घरच्या माणसाला महिन्याला ६०० रुपये देतं. रक्कम तुटपुंजी, पण निदान नोंद तरी होते. आपल्याकडे पैसा येतो तो आजारी माणसाच्या नावाने. म्हणून सगळे कागद आईच्या नावाने उभे करा.

पहिला कागद दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ऑनलाइन अर्ज करून तपासणीची तारीख घ्या. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं की संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून त्यात दिव्यांगांना दरमहा २५०० रुपये आहेत. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,०००. अर्ज अडतो तो इथेच. रेशनकार्डावर मास्तर भावाचं नाव अजून असेल तर तलाठी त्याचा पगार धरणारच. तो खरोखर वेगळा राहतो, तर नाव कमी करून घ्या आणि मगच तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा. सोबत ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या : ग्रामपंचायतीने स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. अर्जाची पोच घ्याच.

लाडकी बहीणची भीती सोडा. दुसऱ्या योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असतील तर अपात्र, ही अट ज्या बाईला पैसे मिळतात तिच्यापुरती आहे. आईची पेन्शन तुमच्या खात्यात धरली जात नाही.

खरी रक्कम भावांकडून यायला हवी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार आई प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करू शकते. तिला जाणं झेपत नसेल तर ती तुम्हाला लेखी अधिकार देईल. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह बांधून मिळतो, निकाल लागेपर्यंत अंतरिमही मागता येतो. हुकूम मोडला तर वॉरंट, एक महिन्यापर्यंत कैद. मुलगी म्हणून जबाबदारी तुमच्यावरही आहे. भाऊ तोच मुद्दा काढतील. मग नोकरी कधी सोडली आणि दिवसभर आईचं काय काय करता, हे अर्जात तपशिलाने लिहा. कलम १७ नुसार या न्यायाधिकरणापुढे वकील उभा राहू शकत नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीने वाईट कलम, तुमच्या दृष्टीने फार चांगलं.

मास्तरांसाठी आणखी एक. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये ठराव केला होता : आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापून आईवडिलांच्या खात्यात जमा करायचे. बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या, त्यातले सहा शिक्षक होते; काहींच्या पगारातून कपातही सुरू झाली. त्याचा हवाला देऊन आईच्या नावाने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अर्ज द्या. कित्येकदा एवढ्यानेच फोन येतो.

वाटणीचा दावा लावायची वेळ आली तर लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

आणि बँकेचं : आईचा उजवा हात चालत नाही म्हणून खातं तुमच्या नावावर वळवू नका. डावा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, बँकेच्या ओळखीचे, त्यातला एक बँकेचाच अधिकारी. ‘सही जुळत नाही’ म्हणून परत पाठवलं तर तसं लिहून मागा.