पट्टा किती टनी हे नंतर, आधी ती कडी बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप उडाली. नवी फोर बाय फोर, जुलैत ग्रुपबरोबर वेल्ह्याच्या बाजूला चिखलात जायचंय, विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) आणि लाइट बार घेऊन झालाय, आता स्नॅच पट्टा, म्हणजे अडकलेली गाडी झटक्याने ओढायचा ताणला जाणारा पट्टा, किती टनी घ्यावा असं विचारलंय. पण माझी नजर अडकली ती फोटोवर. मागच्या बंपरखालच्या कडीला लाल गोल करून तुम्ही लिहिलंय, 'पट्टा इथेच अडकवायचा ना?'

नाही. तिथे अजिबात नाही.

फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही, मॅन्युअल उघडून बघा. पण मला ती गाडी ट्रेलरवर बांधून नेण्याची कडी वाटतेय. अशीच एक कडी आम्हाला फार महागात पडली आहे.

२०१७ ची दत्तजयंती, रविवार. कोकणातल्या एका किनाऱ्यावर सकाळी आठला मी गाडी पुळणीवर उतरवली. टायरमध्ये रस्त्यावरचीच ३३ पीएसआय हवा. ओल्या वाळूवर छान चालली, वळताना मऊ वाळूत गेली आणि मी घाबरून रेस देत राहिलो. दोन मिनिटांत गाडी पोटावर बसली. पौर्णिमा होती, म्हणजे भरती बाराच्या सुमारास आणि तीही उधाणाची. पाणी वर सरकताना दिसत होतं, त्यामुळे सगळ्यांचीच घाई.

मित्राकडे नायलॉनचा नवा पट्टा होता. तो माझ्या मागच्या कडीत शॅकलने, म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी आकड्याने, अडकवला, दुसरं टोक त्याच्या गाडीला, आणि त्याने थोडी धाव घेऊन झटका दिला. हा पट्टा २० टक्क्यांच्या आसपास ताणला जातो, ९ मीटरचा पट्टा जवळजवळ दोन मीटर. ती ताणलेली ताकदच गाडी बाहेर काढते. पण मध्येच काही तुटलं की तीच ताकद गलोलीसारखी उलटते. माझी कडी वेल्डपाशी उपटली. शॅकल कडीसकट मित्राच्या गाडीची मागची काच फोडून आत गेली आणि मागच्या सीटच्या हेडरेस्टमध्ये रुतली. त्याचा बारा वर्षांचा मुलगा त्याच सीटवर बसला होता. व्हिडिओ काढायचा म्हणून तो दोनच मिनिटांपूर्वी खाली उतरला होता.

ती कडी मी जपून ठेवली आहे. तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजून काळा पडलाय, अर्धा कोरा चकचकीत. म्हणजे वेल्ड आधीच अर्धी गेलेली होती आणि बाहेरून, रंगाखाली, काहीच दिसत नव्हतं.

मग गाडी निघाली कशी? गावातल्या एका काकांनी आधी चाकांची हवा काढायला लावली. १५-१६ पर्यंत आणली, पोटाखालची वाळू हातांनी आणि फावड्याने उपसली, चाकांपुढे माडाच्या झावळ्या टाकल्या. गाडी स्वतःच्या ताकदीवर बाहेर आली, वीस मिनिटांत. पट्ट्याची गरजच नव्हती. म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: विंचच्या आधी प्रेशर गेज, कॉम्प्रेसर आणि चांगलं लांब दांड्याचं फावडं. चिखलात २० ते २२, वाळूत १५ ते १८, आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायची. आकडे ढोबळ आहेत, टायर आणि वजनाप्रमाणे बदलतील.

काचेच्या क्लेमसाठी मित्राने विमा ऑफिसच्या चार महिने फेऱ्या मारल्या, ऑफिसचं नाव लिहीत नाही. आधी फोटो द्या, मग पंचनामा आणा, मग म्हणे किनारा रस्त्यात मोडत नाही. दर वेळी नवा माणूस आणि नवा कागद. शेवटी काच त्याने खिशातून बसवली. तुमच्या पॉलिसीत ऑफरोडिंगबद्दल काय आहे ते जायच्या आधी लेखी विचारून घ्या, फोनवरचं उत्तर कुणी मानत नाही.

आता पट्टा. दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीचं भरलेलं वजन धरा, त्याच्या दोन ते तीन पट तुटण्याची क्षमता हवी. फार जाड घेतला तर ताणलाच जाणार नाही आणि सगळा झटका गाडीला बसेल. पॉलिस्टरचा टोइंग पट्टा किंवा साखळी झटक्याला कधीच वापरू नका. अडकवायची जागा चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्टने बसवलेली, क्षमता कोरलेली हवी आणि बोल्टच्या डोक्यावर किमान ८.८ हा मजबुतीचा आकडा हवा. ट्रेलरच्या टो बॉलला तर पट्टा लावूच नका, तो गोळा तुटून माणसं गेली आहेत. शक्य तिथे लोखंडी शॅकलऐवजी दोरीची सॉफ्ट शॅकल वापरा. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जड चादर टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा. मुलांना दोन्ही गाड्यांतून आधीच उतरवा.

कोकणात गेलात तर भरतीची वेळ काढायची जुनी रीत लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अंदाजच आहे, छापील तक्ता जवळ असावाच. वेळास, केळशी, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर मात्र गाडी घालूच नका, अंडी वाळूत असतात. खरं तर मी आता कुठल्याच पुळणीवर गाडी नेत नाही.

बाकी हातमोजे, हेडलॅम्प, प्रथमोपचार पेटी असेलच. पावसाळ्यात गवतात उतरताना गमबूट घाला. साप चावला तर कापाकापी नको, पाय हलवू नका आणि थेट १०८.

मी काही प्रशिक्षक नाही, स्वतः भोगलेलं सांगतोय. विंच बसवणाऱ्याकडे जाल तेव्हा गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि त्या कडीचा खालून फोटो काढा, वेल्ड किंवा बोल्टची डोकी दिसतील असा. इथे टाका, मी बघून सांगतो.