वाचक विचारतात : तालीम, फड आणि कॅमेरा

प्रश्न : गावच्या तालमीवर आणि यात्रेतल्या कुस्त्यांवर छोटा माहितीपट करतोय. तालमीतल्या चित्रणात आडवे पट्टे सरकतात आणि माती फिकट, निळसर येते. असं का?

पट्टे ट्यूबलाइटचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. ५० फ्रेम घेणार असाल तर १/१००. १२० फ्रेमचं स्लो मोशन तालमीत नको, ते उन्हात घ्या.

रंग बिघडतो तो ऑटो व्हाइट बॅलन्समुळे. फ्रेमभर तांबडी माती आली की कॅमेरा ती तांबूस झाक काढून टाकायला जातो आणि चित्र निळं पडतं. त्याच उजेडात पांढरा कागद धरून सेटिंग लॉक करा. एक्स्पोजरही लॉकच, नाहीतर पैलवान जवळ आला-गेला की चित्र उजळत-मंदावत राहतं.

हौद्यातल्या, म्हणजे तालमीतल्या आखाड्याच्या, मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मुरलेलं असतं. खोऱ्याने ती उकरतात तो शॉट चुकवू नका, पण तेव्हा लेन्स बदलायची नाही. काचेवर बसलेली धूळ आधी ब्लोअरने उडवा. थेट कापड फिरवलं तर ओरखडे पडतात. पायताण घालून हौद्यात उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

प्रश्न : फडात ऐन डाव हुकतो आणि हलगीने आवाज फाटतो. उपाय काय?

डाव हुकतो कारण रंग चढेल तेव्हा बटण दाबू, असं आपण ठरवलेलं असतं. निकाली कुस्ती कधी अर्धा तास रेंगाळते, कधी हात मिळवल्यावर दहा सेकंदांत चितपट. सलामीपासून रेकॉर्डिंग चालूच हवं. दोन कॅमेरे लावा. एक उंचावर, स्थिर, दोघंही पैलवान डोक्यापासून पायापर्यंत दिसतील असा. दुसरा हातात, जवळून. एकच असेल तर उंचावरचा ठेवा. नवखे लोक चेहऱ्याच्या मागे लागतात. पट (पाय धरून पाडायचा डाव) काढला कसा हे समजायला खालचे पाय आणि हात दिसावे लागतात. चेहऱ्यावर निकाल लागून गेल्यावरच काहीतरी उमटतं. गर्दीच्या पातळीवर उभं राहिलात तर पंचांची पाठच जास्त मिळेल.

शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी तालमीत वस्तादांना सांगून तोच डाव तीनदा करून घ्या : वेगात, सावकाश, आणि फक्त पायांवर कॅमेरा ठेवून. मात्र ते प्रात्यक्षिक आहे हे पडद्यावर लिहा. फडातल्या कुस्तीत ते बेमालूम जोडणं ही शुद्ध फसवणूक.

आवाजासाठी हलगी पूर्ण जोरात असताना पातळी बघा, सर्वात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. एकदा फाटलेला आवाज संकलनात सुधारत नाही. निवेदकाचा आवाज मात्र भोंग्यातून घेऊ नका. ध्वनिक्षेपकवाल्याकडून मिक्सरची लाइन मागा. पैलवान कुठला, वस्ताद कोण, इनाम किती, हे सगळं निवेदक आयतंच सांगत असतो.

प्रश्न : मुलाखतीत सगळे ‘माती संपली, मॅट आली’ एवढंच बोलतात. पुढे काय विचारावं?

तुम्ही तसंच विचारता, म्हणून ते तसंच बोलतात. शिवाय माती आणि मॅट अशी सरळ लढत नाहीच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले आणि १९५२ साली हेलसिंकीला मॅटवर खेळून कांस्यपदक घेऊन आले. महाराष्ट्र केसरीतही दोन्ही विभाग असतात.

त्यापेक्षा काम चालू असताना बोलतं करा. रात्री भिजवलेले बदाम सोलून खसखस, बडीशेप, मिरी, वेलचीबरोबर कुंडीत घोटत असतील तेव्हा विचारा : खुराकाला महिन्याला किती लागतात, पैसे घरून येतात की इनामातून? माणूस हात चालवत असताना आकडे बोलतो, खुर्चीत बसवला की भाषण करतो. घोटण्याचा आवाज वेगळा मिनिटभर टिपून ठेवा.

तालमीतली बरीच मुलं अठराच्या आतली असतात. त्यांच्या चित्रणाला वस्तादांचा होकार पुरत नाही, पालकांची लेखी परवानगी घ्या. लंगोट बांधतानाचं चित्रण तर करूच नका.