दुकानात पडून हात मोडला. भरपाई कोणाकडे मागावी?

प्रश्न : लातूरच्या गंजगोलाईजवळील एका मोठ्या कापड दुकानात मी चार वर्षांपासून सेल्समन आहे. पगार एजन्सीमार्फत मिळतो. दरमहा 13,500 रुपये ठरले असून त्यातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) 102 रुपये कापले जातात. लग्नसराईच्या गर्दीत माळ्यावरून साड्यांचे गठ्ठे काढताना शिडी सरकली, मी खाली पडलो आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. व्यवस्थापकांनी खासगी दवाखान्यात नेऊन 8,000 रुपये भरले. मात्र आता "चूक तुझी होती, शिवाय तू आमच्या दुकानाचा माणूस नाहीस" असे म्हणतात आणि एका कागदावर सही मागतात. डॉक्टरांनी सहा आठवडे हात वापरू नका असे सांगितले आहे. अपघाताला पंधरा दिवस झाले. मी काय करावे?
— एक वाचक, औसा

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. त्यात काय लिहिले आहे हे आपण कळवलेले नाही. पण तो राजीनामा असो वा "माझी तक्रार नाही" असा जबाब, उद्या हाच कागद आपल्याविरुद्ध पुढे केला जाईल.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट ते 102 रुपये आहेत. 13,500 रुपयांचे 0.75 टक्के म्हणजे 101 रुपये 25 पैसे, आणि पुढच्या रुपयापर्यंत पूर्ण केल्यावर 102. म्हणजेच कर्मचारी राज्य विमा योजनेचा कर्मचाऱ्याचा हिस्सा आपल्या पगारातून नियमाप्रमाणे वळता होत आहे. मालकाचा हिस्सा 3.25 टक्के असतो आणि दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी या योजनेत येतात. योजना 1948 च्या कायद्याने सुरू झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 खाली आली. आपण विमाधारक असल्यामुळे या दुखापतीचा दावा मालकावर नव्हे, तर विमा महामंडळाकडे करायचा आहे, आणि त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी कर्मचारी भरपाई मागता येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण आठवडेच्या आठवडे मालकाशी हुज्जत घालण्यात घालवतात. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांतील कामगार विमा क्रमांक पाठ असल्यासारखा सांगतो. बाजारपेठेतील दुकानांत मात्र वर्षानुवर्षे पैसे कापले जाऊनही ते कशासाठी कापले जातात हे कोणी समजावून सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

व्यवस्थापकांची दोन्ही कारणे टिकणारी नाहीत. काम करीत असताना झालेला अपघात कामामुळेच झाला असे, विरुद्ध पुरावा नसल्यास, या योजनेत गृहीत धरले जाते, आणि शिडी चढताना आपले लक्ष चुकले असे कोणी म्हटले म्हणून लाभ बुडत नाही. माळ्यावरच्या मालासाठी शिडी धरायला दुसरा माणूस न देता विक्रेत्याला वर चढवायचे आणि नंतर त्यालाच दोष द्यायचा, हे अन्यायाचे आहे. एजन्सीबद्दल सांगायचे, तर ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगाराच्या वर्गणीची पहिली जबाबदारी मुख्य मालकावरच असते. कापलेली रक्कम भरलीच नाही असे निघाले, तरीही महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

आता पैशांचे. काम करता येत नाही त्या काळासाठी सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के भत्ता मिळतो. दैनिक सरासरी 450 रुपये धरली, तर दिवसाला 405 आणि 42 दिवसांचे सुमारे 17,000 रुपये होतात. दवाखान्यात भरलेले 8,000 या रकमेची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र हा भत्ता विमा दवाखान्याच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मिळतो, म्हणून केवळ खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विसंबून घरी बसू नका. आजच एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिले आणि पगाराची स्लिप घेऊन आपल्या विमा क्रमांकाला जोडलेल्या दवाखान्यात जा. तातडीच्या प्रसंगी खासगी उपचारांवर आपण स्वतः खर्च केला असल्यास त्याच्या प्रतिपूर्तीसाठीही अर्ज करता येतो.

त्याच दिवशी दुकानाला आणि एजन्सीला अपघाताची लेखी सूचना द्या आणि प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील, तर स्पीड पोस्टने पाठवा. दिवस, वेळ, जागा, कोणते काम चालू होते आणि त्या वेळी जवळ कोण होते, एवढे स्पष्ट लिहा. सूचना मिळाल्यावर मालकाने अपघात नोंदवहीत नोंद करून विमा कार्यालयाला ठरलेल्या मुदतीत अपघात अहवाल पाठवायचा असतो. तो पाठवला जात नाही असे दिसले, तर आपल्या सूचनेची प्रत थेट विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात द्या. प्लास्टरचे दिवस सरण्याआधी सहकाऱ्यांपैकी एक-दोघांकडून त्यांनी काय पाहिले ते लिहून घ्या, कारण लग्नसराई संपली की दुकानातली माणसे बदलतात.

प्लास्टर निघाल्यावर घाईने "मी बरा आहे" असे सांगू नका. गठ्ठा उचलताना किंवा कापड मोजताना मनगटाची पकड कमी वाटली, तर कायमच्या अपंगत्वाचे प्रमाण ठरवण्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे तपासणीची मागणी करा. ठरवलेले प्रमाण मान्य नसेल, तर त्याविरुद्ध अपील करता येते.