पुण्यात पहिल्यांदा गट फिरवताना

पंधरा-वीस जणांना घेऊन पहिल्यांदाच निघतो आहेस, तर एका दिवसात अख्खं पुणं उरकायचा हट्ट सोड. सुरुवात कसबा गणपतीपासून कर, तीही सकाळी लवकर. ग्रामदैवताचं दर्शन निवांत होतं. मंगळवार आणि चतुर्थी मात्र टाळ. तिथून लाल महाल, शनिवारवाडा चालत गाठता येतात. १८२८ च्या आगीनंतर वाड्यात मुख्यतः जोतीच उरली, म्हणून मंडळींना आधी दिल्ली दरवाजासमोर उभं कर. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तींची धडक थोपवण्यासाठी आहेत, हे दाखवलंस की आतले चौथरे त्यांना रिकामे वाटत नाहीत.

खरा वेळ राख तो केळकर संग्रहालयासाठी, निदान दोन तास. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभारलेला हा संग्रह. दिवे आणि अडकित्त्यांपाशी रेंगाळू दे सगळ्यांना. सुपारी कातरायच्या हत्यारावर कारागिरानं किती जीव लावलाय! कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महालही इथेच आहे. जिने बरेच आहेत, ज्येष्ठांना घाई करू नकोस.

पाताळेश्वर दुसऱ्या दिवसावर ढकललंस तरी चालेल.