‘बोल ना बाळा’ म्हणणं थांबवल्यावर

“पावणेतीन वर्षांचा झाला, पाच-सहा शब्दांपलीकडे बोलत नाही. जूनमध्ये नर्सरी. शेजारची ह्याच्याच वयाची मुलगी अख्खी गोष्ट सांगते. आमचा वाचायला तरी शिकेल का?” भांडुपहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. सोबत आजी होत्या. त्यांचं म्हणणं, “ह्याचा बापही उशिराच बोलला. बोलेल हो.” घरात उशिरा बोलण्याचा इतिहास असू शकतो, ते खरं. पण त्या एका वाक्यावर विसंबून आठ महिने गेले होते, आणि या वयात आठ महिने फार असतात.

बोलण्याची शंका आली की आधी कान तपासायचे. दाराची बेल वाजली की मूल वळतं, म्हणजे त्याला सगळं नीट ऐकू येतं असं नाही. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचलं तर बेल ऐकू येते, पण ‘स’, ‘त’सारखे बारीक आवाज निसटतात. लहान मुलांची बेरा तपासणी, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते पाहणारी तपासणी, सहसा झोपेत करतात. म्हणून त्या दिवशी मुलाला लवकर उठवावं आणि वाटेत झोपू देऊ नये. लोकलमध्ये डोळा लागला की ऐन तपासणीच्या वेळी मूल टक्क जागं राहतं आणि पुन्हा तारीख घ्यावी लागते. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत कान आणि वाचा, दोन्हींची तपासणी होते.

ह्याचे कान ठीक निघाले. हाक मारली की वळायचा, बोटानं दाखवायचा, हातातली गाडी आईला दाखवायला आणायचा. यातलं काही नसतं, तर त्याला आधी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मग शब्द मोजले. ‘मंमं’, ‘भुर्र’, ‘भूभू’ हेही शब्दच, मूल ते नेहमी त्याच अर्थानं वापरत असेल तर. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळे धरायचे. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं बोलणं लांबत नाही. आईच्या पाच-सहाचे चौतीस झाले. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि ‘आई ये’सारखी दोन शब्दांची जोडी यायला हवी. म्हणजे उशीर होताच. स्पीच थेरपी लगेच सुरू केली, आठवड्यातून एकदा. उरलेले सहा दिवस घराचे.

एक गोष्ट आजकाल खूप दिसते, इथेही होती. हा इंग्रजी अक्षरं ‘ए’पासून ‘जी’पर्यंत घडाघडा म्हणायचा, पण पाणी हवं असलं की आजीचा हात धरून माठाकडे ओढत न्यायचा. जेवताना मोबाइलवर गाणी, दिवसाचे अडीच तास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, तोही जितका कमी तितका बरा. मोबाइल बोलत राहतो, मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. खरी अडचण ती आहे.

मात्र घरची माणसंही थांबत नव्हती. दहा मिनिटांच्या खेळात आईनं त्रेचाळीस प्रश्न विचारले. हे काय? कुठला कलर? बोल ना बाळा. सगळं मायेनं, पण मुलासाठी ती तोंडी परीक्षाच. तो मान फिरवून चाकाशी खेळत बसला.

तेव्हा घरी एकच काम दिलं: प्रश्न एक, तर त्याआधी चार साधी वाक्यं. दिवस मटारचे होते. आजींनी त्याला समोर बसवलं, मांडीत नाही, कारण त्याला आजींचं तोंड हलताना दिसायला हवं. शेंग दाबली, “फट्!” दाणे टोपात, “टप टप.” दुसरी शेंग, “फट्!” तिसरी शेंग बोटांत धरली आणि आजी गप्प बसल्या. मनात पाचापर्यंत मोजायचं, मूल बघत असेल तर दहापर्यंत. सातव्या आकड्याला तो म्हणाला, “फत्.” आजींनी ‘फट् म्हण, फट्’ केलं नाही. “फट्! शेंग फुटली!” एवढंच. मूल एक शब्द बोललं की त्यात आपण एक-दोन घालून परत द्यायचे. ‘गाडी’ला ‘लाल गाडी’, ‘गाडी आली’.

निवड देण्याचाही उपयोग झाला. दोन्ही वस्तू हातात दिसू द्यायच्या, “केळं की बिस्कीट?” इथे घरोघरी एक चूक होते: ‘बोलशील तरच देईन.’ मूल रडतं आणि बोलण्याची धास्ती घेतं. थोडं थांबावं, नाहीच बोललं तर शब्द आपण म्हणून वस्तू द्यावी.

मोबाइल बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी आजींनी परत दिला. मूल जेवेना, त्या तरी काय करणार? मग तीनऐवजी एकच जेवण बिनमोबाइलचं ठरवलं, रात्रीचं, कारण तेव्हा आई घरी असते. दहा दिवसांनी दुपारचं.

पुस्तकं जाड पानांची, आठ-दहा पानी, पानाला एक चित्र. एकच पुस्तक दोन आठवडे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात. पहिल्या पातळीच्या घ्याव्यात आणि छापून वापराव्यात. पण ह्याला सगळ्यात जास्त बोलतं केलं ते घरच्या अल्बमनं. मावशी, भाजीवाला, बेस्टची लाल बस, भांडुपचं स्टेशन, असे बारा फोटो प्लॅस्टिकच्या पाकिटांत. पुस्तक असो की अल्बम, मजकूर वाचायचा नाही, चित्रावर बोट ठेवून बोलायचं आणि थांबायचं.

राहिला वाचनाचा प्रश्न. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरी मराठीच बोलावं. तोडकंमोडकं इंग्रजी बोलून घरातली गप्पांची भाषा घालवू नये. अक्षरांची घाई आत्ता नको. चारच्या सुमारास आधी कानाचे खेळ: ‘ब-टा-टा’ला तीन टाळ्या, ‘पाणी’ला दोन, ‘कान’ आणि ‘काका’ सुरुवातीला सारखे वाजतात का? ‘क कमळाचा’ पाठ झालेलं मूल ‘कान’ कशानं सुरू होतो विचारल्यावर ‘कमळ’ म्हणतं, कारण त्यानं चित्र पाठ केलेलं असतं, आवाज नाही. पुढे अक्षरंही वर्णमालेच्या क्रमानं नकोत, ‘ङ’ आणि ‘ञ’ घेऊन मूल कुठला शब्द वाचणार? क, न, म, ग, र ही पाच अक्षरं आणि एक काना घेतला की कान, नाक, मामा, मका, गरम, मगर, अगदी कामगारही वाचता येतो. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या मात्र एकाच आठवड्यात शिकवू नयेत, त्यांची गल्लत हमखास होते.

आणि कुणी वाट पाहू नये अशा खुणा: वर्षाचं होऊनही बडबड नाही किंवा बोटानं दाखवणं नाही, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडी नाही, किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं गेलं.

तीन महिन्यांनी ह्याच्या यादीत ८७ शब्द होते आणि ‘आजी पाणी’ ही जोडी. थेरपी चालूच आहे. मटारचा मोसम सरला, तेव्हा आजींनी भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या.