ज्याला पिचर घाबरतात, तो गेल्यावर

तुम्ही विचारलंय: ‘बेसबॉलमधले संघ आपला सगळ्यात मोठा फटकेबाज स्वतःहून दुसऱ्या संघाला देऊन टाकतात आणि त्याला रीबिल्डिंग म्हणतात. असं का करतात? आणि त्यानंतरचा हंगाम चाहत्यांनी बघायचा तरी कशासाठी?’

मी बरीच वर्षं वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात राहते. आमचा संघ नॅशनल्स. हुआन सोतोला त्यांनी 2 ऑगस्ट 2022 ला सॅन डिएगो पाड्रेसला दिलं, आणि त्यानंतरचा 2023 चा हंगाम आमच्या घरात जवळजवळ रोज पाहिला गेला. त्यामुळे सर्वसाधारण उत्तर देण्यापेक्षा त्या एका हंगामाबद्दलच सांगते.

आधी सोतो कोण ते सांगायला हवं. डोमिनिकन रिपब्लिकमधला हा मुलगा 2018 मध्ये एकोणिसाव्या वर्षी नॅशनल्सकडून खेळायला लागला. 2019 मध्ये संघाची सुरुवात 19 विजय आणि 31 पराभव अशी झाली होती, तरी शेवटी वर्ल्ड सीरीज, म्हणजे हंगामाच्या विजेतेपदाची मालिका, जिंकली, आणि ती मालिका चालू असतानाच त्याला एकवीस वर्षं पूर्ण झाली. लांब फटके तो मारायचाच. पण त्याची खरी ताकद होती न मारण्यात. बॅटरने मारावा असा चेंडू ज्या ठरलेल्या पट्ट्यातून यावा लागतो, त्याच्या बाहेर जाणारा चेंडू तो सोडून द्यायचा. असे चार चेंडू पडले की बॅटरला पहिला बेस आयता मिळतो, त्याला वॉक म्हणतात. 2021 मध्ये सोतोला असे 145 वॉक मिळाले. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, त्याला मारण्याजोगा चेंडू टाकायलाच धजत नसत.

माझी मुलगी मैदानावर जाताना स्कोअरची वही नेते. वॉक झाला की चौकोनात ‘बीबी’ लिहायचं. तिच्या 2021 च्या वहीत सोतोची ओळ लांबूनही ओळखू येते. बाकीच्यांच्या ओळींत खाडाखोड आणि रेघोट्या, त्याच्या ओळीत बीबी, बीबी, मधेच एक पूर्ण भरलेला काळा चौकोन, म्हणजे होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका), आणि पुन्हा बीबी.

असा माणूस द्यायचा कशाला? कारण 2024 च्या हंगामानंतर तो करारातून मोकळा होणार होता. संघाने त्याच्यापुढे 15 वर्षांचे 44 कोटी डॉलर ठेवले, त्याने नको म्हटलं. मालक लर्नर कुटुंब त्याच सुमारास संघ विकण्याची चाचपणी करत होतं. मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर हे संघातले मोठे खेळाडू एक वर्ष आधीच लॉस एंजलिसला गेले होते, संघ तळाला होता. सोतो आणखी अडीच हंगाम थांबून फुकट निघून जाणार, त्यापेक्षा त्याची किंमत सगळ्यात जास्त आहे तेव्हाच त्याच्या बदल्यात तरुण पोरं घ्यायची, हा हिशोब. सोतो आणि जॉश बेल यांच्या बदल्यात सहाजण आले: सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसल, हार्लिन सुसाना आणि ल्यूक व्हॉइट. शेवटचा सोडला तर सगळे पोरसवदा. वुड तर एकोणीस वर्षांचा, सहा फूट सात इंच उंच आणि मूळचा आमच्या शेजारचा, मेरीलँडचा.

ज्या दिवशी सोतो गेला, त्याच संध्याकाळी जोई मेनेसेस नावाचा तीस वर्षांचा मेक्सिकन खेळाडू पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, उतरला. दहा वर्षांहून जास्त काळ त्याने खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्ये, मेक्सिकोत आणि जपानमध्ये घालवला होता. पहिल्याच सामन्यात त्याने होमरन मारला आणि संघ न्यूयॉर्कच्या मेट्सविरुद्ध जिंकला. माझी मुलगी त्या दिवशी सकाळपासून रडत होती. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून तिने वहीत त्याचं नाव लिहिलं आणि मला स्पेलिंग विचारलं. तरी 2022 चा हिशोब संपला तो 55 विजय आणि 107 पराभवांवर. सगळ्या 30 संघांत शेवटचे.

आता 2023. पहिला सामना अटलांटाविरुद्ध, घरच्या मैदानावर. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, एब्रम्स. म्हणजे सोतोच्या बदल्यात आलेला, बावीस वर्षांचा, ज्याच्याकडे अख्खं शहर बघत होतं असा मुलगा. त्या एका सामन्यात त्याच्या हातून तीन चुका झाल्या. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच दिवशी स्लिपमध्ये तीन झेल सोडल्यासारखं. टीव्हीवर त्याचा चेहरा दाखवत होते तेव्हा मला बघवत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात माझे बाबा नाशिकहून आमच्याकडे आले होते. त्यांनी आयुष्यभर क्लब क्रिकेटचे स्कोअर लिहिले. बेसबॉल त्यांना नवा, पण वही दोन दिवसांत कळली. तिसऱ्या सामन्याला त्यांनी विचारलं, ‘यांच्यात असा कोण आहे, जो आला की फिल्डिंग मागे जाते?’

कोणीच नव्हता. तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात खरं उत्तर बाबांच्या त्या प्रश्नात आहे. फटकेबाज गेला की त्याचे 30-35 होमरन जातात असं लोक म्हणतात, पण ते अर्धंच खरं. त्याच्याबरोबर भीती जाते. सोतो रांगेत असताना पिचरला त्याच्या आधीच्याला वॉक द्यायचा नसायचा, म्हणून आधीच्याला सरळ, मारण्याजोगे चेंडू मिळायचे. सोतोला वॉक मिळाला की पुढच्यासमोर बेसवर एक माणूस तयार असायचा. एकटा माणूस रांगेतल्या तिघांची फलंदाजी बदलत होता. 2023 च्या नॅशनल्सनी हिट तशा बऱ्यापैकी मारल्या, पण बहुतेक एकेका बेसच्या. होमरनच्या यादीत संघ तळाशी, वॉकही थोडेच. मेनेसेसला पिचरांनी एव्हाना ओळखलं होतं, त्यामुळे वर्षभर खेळून त्याचे होमरन 13 च राहिले. आदल्या वर्षी तेवढे त्याने 56 सामन्यांत मारले होते.

दुसऱ्या बाजूला पॅट्रिक कॉर्बिन. सहा वर्षांच्या 14 कोटी डॉलरच्या करारातला, 2019 च्या विजयातला महत्त्वाचा पिचर. 2023 मध्ये त्याचे 15 पराभव झाले. लोक त्याला नावं ठेवतात, मला ते पटत नाही. दर पाचव्या दिवशी तो उभा राहायचा, मार खायचा आणि सामन्याच्या नऊपैकी सहा-सहा इनिंग टाकून तरुण पिचरांचे हात वाचवायचा. पडत्या संघात असा एक माणूस लागतोच.

हळूहळू गंमत यायला लागली. त्या वर्षी नियम बदलले होते. बेस 15 इंचांचे 18 इंच झाले, आणि पिचरने बेसवरच्या धावकाला धरण्यासाठी दोनदा प्रयत्न केला की तिसऱ्यांदा तो धोक्याचा, कारण धावक बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस बहाल. चपळ पोरांसाठी ही पर्वणीच. जुलैत मॅनेजर डेव्ही मार्टिनेझने एब्रम्सला रांगेत पहिल्या नंबरवर आणलं आणि तो मुलगा सुटलाच.

एका संध्याकाळी आम्ही पहिल्या बेसच्या बाजूला बसलो होतो. एब्रम्स बेसवर. पिचरने एकदा फेकून पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. एब्रम्स दोन्ही वेळा पोटावर पडून परत आला, उठला, छातीवरची माती झटकली. मग त्याने बेसपासून आणखी अर्धं पाऊल बाहेर घेतलं. फक्त अर्धं. आमच्या पुढच्या रांगेतला म्हातारा गृहस्थ हातातला सँडविच खाली ठेवून उभा राहिला. बाबाही उभे राहिले. पिचरचा पुढचा पाय उचलला गेला तेव्हा एब्रम्स निघालेला होता. दुसऱ्या बेसवर तो सरकत पोचला, चेंडू नंतर आला. बाबा म्हणाले, ‘आता पिचर याला घाबरला बघ.’ असा पिचर चेंडू टाकत असताना पुढचा बेस गाठला की त्याला बेस चोरणं म्हणतात. त्या हंगामात एब्रम्सने 47 बेस चोरले. वॉशिंग्टनमध्ये आल्यापासून नॅशनल्सच्या कोणी एका हंगामात तेवढे चोरले नव्हते. होमरनही 18 मारले. लेन थॉमसने 28 मारले, पिचर जोसाया ग्रे ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला, आणि कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक) केबर्ट रुईझबरोबर संघाने 8 वर्षांचा करार केला. ग्रे आणि रुईझ दोघेही शर्झर आणि टर्नरच्या बदल्यात आलेले.

वाईट रात्रीही होत्या. 9 ऑगस्टला फिलाडेल्फियात तिथल्या फिलीज संघाच्या मायकेल लोरेन्झनने आमच्या संघाला नऊ इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही. अशी नामुष्की आली की दुसऱ्या दिवशी टीव्ही लावायचं मन होत नाही. पण 20 तारखेला त्याच फिलीजना विल्यम्सपोर्टच्या छोट्या मैदानावर, लिटल लीग या मुलांच्या स्पर्धेतल्या शेकडो पोरांसमोर, आमच्या पोरांनी 4-3 ने हरवलं. ऑगस्ट महिन्यात विजय पराभवांपेक्षा जास्त झाले. शेवटी 71 विजय, 91 पराभव, विभागात पुन्हा शेवटचा नंबर. पण आदल्या वर्षीपेक्षा 16 विजय जास्त. त्याच वर्षी सोतोने पाड्रेससाठी सर्वच्या सर्व 162 सामने खेळून 35 होमरन मारले आणि त्यांचे विजय झाले 82. तेही प्लेऑफला, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांना, मुकले.

म्हणून बघायचं ते यासाठी. गुणतक्त्यात काही मिळणार नसतं, पण कोणता पोरगा मार्चमध्ये काय होता आणि सप्टेंबरमध्ये काय झाला, हे फक्त रोज बघणाऱ्यालाच दिसतं.

पण रीबिल्डिंगचं चित्र मी तुमच्यासमोर गोड करून ठेवणार नाही. हा सौदा चांगलाच झाला असं माझं ठाम मत आहे: एब्रम्स, गोर आणि वुड, तिघेही पुढे ऑल-स्टार झाले. पण त्यानंतर मालकांनी पैसा खर्चून संघ पूर्ण करायला हवा होता, तो केला नाही. 2024 मध्येही विजय 71 च. 2025 मध्ये 66, आणि त्या जुलैत जनरल मॅनेजर माइक रिझो आणि मार्टिनेझ दोघांना काढलं. पोरं आणणं हे अर्धं काम असतं, उरलेलं अर्धं करायला मालक तयार नसेल तर चाहत्याने किती वर्षं वाट बघायची? याचा मला अजूनही राग येतो.

वुड 1 जुलै 2024 ला आमच्या मैदानावर पहिल्यांदा उतरला. सोतो पाड्रेसकडून न्यूयॉर्कच्याच यांकीजकडे आणि तिथून 15 वर्षांच्या 76.5 कोटी डॉलरच्या करारावर मेट्सकडे गेला. मेट्स आमच्याच विभागात आहेत, त्यामुळे तो दरवर्षी इथे येतो. वहीत पाहुण्या संघाचं पान डावीकडचं असतं. मुलगी आता तिथे त्याचं नाव लिहिते आणि उजव्या पानावर वुडचं. डाव्या पानावरची ती ओळ अजूनही बीबीनेच भरते. उजवीकडे पिचर आता वुडलाही बाहेरचे चेंडू टाकायला लागलेत.