रोजचं मूल सांभाळणं हीच साधना मानता येईल का? ध्यानाला वेळच मिळत नाही.

येईल, पण हे तुम्ही स्वतः म्हणत असाल तरच. बाळाला कधी कडेवर न घेतलेलं कुणी "अगं, हीच तुझी साधना" म्हणत असेल, तर आधी बाळ त्याच्याकडे द्या.

आमची लेक 11 महिन्यांची असताना नवरा इगतपुरीला विपश्यनेच्या 10 दिवसांच्या शिबिराला गेला. पहाटे 4 ला घंटा, दिवसाला दहा तास बैठक, मौन, फोन जमा. इकडे हिचे वरचे दात येत होते. माझी घंटा 2 ला, मग परत साडेतीनला. बोटाला ओलं फडकं गुंडाळून हिरड्या चोळायच्या, की ती कचकन चावायची. मौन मलाही होतंच, बोलायला होतं कोण?

साहेब परतले. चेहऱ्यावर तेज वगैरे. मला म्हणाले, "प्रतिक्रिया द्यायची नाही, फक्त बघायचं." मी खांद्यावरची ओकारी पुसत होते. दुसऱ्या दिवशी ते डोळे मिटून बसले असताना लेक रांगत गेली आणि वरणभाताने बरबटलेला हात त्यांच्या तोंडावरून फिरवला. "अगं उचल हिला, कळत नाही का मी बसलोय!" झाली प्रतिक्रिया.

सासरे वारकरी. त्यांचं म्हणणं, पुंडलिकाने आईबापांची सेवा केली म्हणून विठोबा विटेवर उभा राहिला. पोरांचं करणं म्हणजे नुसती माया. मी म्हटलं, "बाबा, मग सावता माळी? ते अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच मळ्यात आला म्हणता ना? खुरपणं चालतं आणि शी धुणं चालत नाही?" ते उठून तुळशीला पाणी घालायला गेले.

कसं करायचं म्हणाल, तर ती तीन वर्षांची असताना सँडलचं बक्कल स्वतःच लावायची. रिक्षा खाली उभी, माझा हात पुढे जायचा. तो मागे घ्यायचा, बस. दहातल्या सात वेळा मी बक्कल ओढून लावलंच आहे. एकदा धपाटाही घातलाय.

आणि हो, बाळंतपणानंतर सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर साधना बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. शिबिराबद्दलही तक्रार नाही, मलाही जायचंय. लेक आता आठ वर्षांची आहे. दहा दिवस तिचा डबा, वेण्या आणि गृहपाठ कोण बघणार, यावर गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे मौन आहे.